कोटेशननंतरचा फॉलोअप आपोआप चालवायचा, तर: छोट्या कारखान्यासाठी सविस्तर कृती

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव, एमआयडीसी कुठलीही घ्या. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात विक्री विभाग म्हणजे बहुधा मालक आणि ऑफिस सांभाळणारी एक व्यक्ती. एन्क्वायरी इंडियामार्टवरून येतात, मेलवर येतात, व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो येऊन पडतो. कोटेशन वेळेवर जातं. पुढे डिस्पॅच, जीएसटी रिटर्न आणि बंद पडलेलं मशीन यांच्या धबडग्यात फॉलोअप राहून जातो. समोरच्या खरेदी विभागात तुमच्यासारखीच तीन कोटेशनं पडलेली असतात. भावात फार फरक नसेल, तर ज्याचा वेळेवर फोन किंवा मेल आला त्याला पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, जातो.

ही आठवण ठेवण्याचं काम सॉफ्टवेअरकडे देता येतं. उदाहरणाला ओ-रिंग, गॅस्केट असे रबरी भाग बनवणारं, महिन्याला शंभर-दीडशे एन्क्वायरी येणारं युनिट धरू. साधनं तीनच: गूगल शीट, जीमेल आणि शीटच्या आत मिळणारी ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे छोटा कोड लिहून कामं आपोआप करून घ्यायची गूगलची सोय. कोड स्वतःला लिहिता येत नसेल तर तो आता एआयकडून लिहून घेता येतो. मात्र काय हवंय ते नेमकं सांगावं लागतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. म्हणून खाली कोड दिलेला नाही. कोड लिहिणाऱ्याला, मग तो माणूस असो वा एआय, काय काय सांगायचं ते दिलं आहे.

मेल पाठवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डोकं लागतं ते कधी पाठवायचा नाही हे ठरवायला. लेखाचा मोठा हिस्सा त्यावरच खर्च केला आहे.

आधी आठवडाभर वहीत लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक आठवडा विक्रीचं प्रत्येक बारीक काम वहीत टिपा: इंडियामार्टवरून नंबर कॉपी करून फोनमध्ये सेव्ह केला, ‘एन्क्वायरी मिळाली, ड्रॉइंग पाठवा’ असा मेल टाकला, जुनं कोटेशन शोधून भाव बदलला, तीन दिवसांनी फोन केला.

आठवड्याअखेरी प्रत्येक ओळीसमोर खूण करा. यात निर्णय होता की नुसती ने-आण? ग्राहकाला नायट्राइल रबर द्यायचं की व्हिटॉन, भाव किती कमी करायचा, उधारी किती दिवसांची, हे निर्णय. ते माणसाकडेच ठेवायचे. कॉपी करणं, पोच देणं, तारीख लक्षात ठेवणं, आठवण करणं ही ने-आण, आणि यंत्राकडे द्यायची ती एवढीच. निर्णयाची कामं स्वयंचलित करायचा मोह होतोच, कारण दाखवायला तीच भारी दिसतात. पहिले तीन महिने तरी हात लावू नका.

शीट: एका एन्क्वायरीला एक ओळ

रकाने कमीत कमी ठेवा: एन्क्वायरी क्रमांक, आल्याची तारीख, कंपनी, व्यक्तीचं नाव, मेल, मोबाइल, काय हवंय, कोटेशन क्रमांक, कोटेशनची तारीख, स्थिती, शेवटचा संपर्क, पुढची तारीख, ‘हाताने थांबवा’ अशी चौकट आणि शेरा.

‘स्थिती’ या रकान्यात कुणालाही मनाला येईल ते लिहू देऊ नका. डेटा व्हॅलिडेशनमधून ठरावीक पर्याय द्या: नवीन, ड्रॉइंगची वाट, कोटेशन दिलं, उत्तर आलं, पीओ मिळाला, गेलं (म्हणजे ऑर्डर हुकली), बंद. एकाने ‘पीओ आला’ आणि दुसऱ्याने ‘ऑर्डर मिळाली’ लिहिलं, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

मोबाइल नंबराची डोकेदुखी वेगळीच. कुणी सुरुवातीला शून्य लावतं, कुणी अधिक 91, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतं. शीट सुरुवातीचा शून्य गिळते आणि अधिकचं चिन्ह दिसलं की सूत्र समजून बसते. उपाय: तो रकाना ‘साधा मजकूर’ प्रकारचा करा आणि शेजारी लपवलेल्या रकान्यात फक्त शेवटचे 10 अंक काढा. तोच माणूस पुन्हा आला का, हे त्या 10 अंकांवरून ओळखायचं. मेलचा पत्ताही लहान अक्षरांत, पुढेमागे मोकळी जागा न ठेवता.

आणि शीट व ॲप्स स्क्रिप्ट दोन्हींचा टाइमझोन भारताचा आहे ना, ते पाहून घ्या. या सेटिंग दोन ठिकाणी वेगवेगळ्या असतात. स्क्रिप्टचा अमेरिकेतल्या एखाद्या शहराचा राहिला तर सकाळी दहाचा मेल रात्री जातो आणि चूक कुठे आहे ते लवकर सापडत नाही.

एन्क्वायरी आपोआप शीटमध्ये

इंडियामार्टच्या सशुल्क विक्रेत्याला लीड मॅनेजरच्या सेटिंगमधून सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडण्यासाठी एक ‘की’, म्हणजे पासवर्डसारखी खूण, काढता येते. ती वापरून स्क्रिप्ट ठरावीक वेळाने नव्या एन्क्वायरी ओढून आणते. दोन मागण्यांमध्ये निदान 5 मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून ट्रिगर (स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) 15 मिनिटांचा ठेवा, तेवढा पुरतो. प्रत्येक एन्क्वायरीला त्यांचा स्वतःचा क्रमांक असतो; तो शीटमध्ये आधीच असेल तर ती ओळ सोडून द्यायची, असं स्क्रिप्टला स्पष्ट सांगा. नाहीतर तीच एन्क्वायरी दर फेरीला नव्याने भरली जाते.

वेबसाइटवरच्या चौकशीसाठी गूगल फॉर्म पुरे. व्हॉट्सॲपवर आलेल्या आणि फोनवरच्या चौकशीलाही तोच फॉर्म मोबाइलवर उघडून आपल्याच माणसाने भरायचा, पाच रकाने, अर्ध्या मिनिटाचं काम. सगळे मार्ग शेवटी एकाच शीटमध्ये आले नाहीत तर पुढचं सगळं मुसळ केरात.

मेल इनबॉक्समध्ये पोचावा म्हणून

जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते. छोट्यांना एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक असलं तरी चालतं. पण तिन्ही करूनच टाका. डोमेन (कंपनीचा स्वतःचा वेबपत्ता) जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये या तीन नोंदी टाकायच्या असतात, जाणकार माणसाचं तासाभराचं काम. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, हाही त्यातलाच नियम. म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी स्पॅमचं बटण दाबलं तरी पाणी डोक्यावरून गेलं.

मर्यादाही माहीत हव्यात. साध्या फुकटच्या जीमेल खात्यातून ॲप्स स्क्रिप्ट दिवसाला 100 पत्त्यांना मेल पाठवू शकते, गूगलच्या सशुल्क वर्कस्पेस खात्यातून 1500 ना. आपल्या युनिटला शंभरही खूप झाले. तरी वर्कस्पेस घ्या, कारण खरेदी विभागात कंपनीच्या डोमेनवरून आलेल्या कोटेशनकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

विकत मिळणाऱ्या ‘दहा हजार पर्चेस मॅनेजर’ छापाच्या याद्यांकडे वळू नका. त्यातले बरेच पत्ते मेलेले असतात, मेल परत येतात, तुमच्या डोमेनचं नाव खराब होतं आणि मग खऱ्या ग्राहकाला पाठवलेलं कोटेशनही स्पॅममध्ये जाऊन बसतं. इथे आपण ज्यांनी स्वतःहून विचारलं त्यांच्याच मागे लागतो आहोत.

मजकूर

तीन-चार मेल पुरतात. पहिला पोचेचा, एन्क्वायरी आल्या आल्या जाणारा. कोटेशनचा मेल माणूसच पाठवेल. त्यानंतरचे दोन-तीन यंत्राचे. पहिल्या आठवणीचा नमुना असा:

‘नमस्कार, 12 तारखेला आपल्याला कोटेशन क्र. 214 पाठवलं होतं (ईपीडीएम गॅस्केट, 500 नग). मटेरियलच्या ग्रेडबद्दल किंवा डिलिव्हरीबद्दल काही शंका असल्यास याच मेलला उत्तर द्या. सॅम्पल हवं असेल तर दोन नग पाठवू शकतो.’

बस, एवढंच. कंपनीची स्थापना, आयएसओ प्रमाणपत्र, क्वालिटी पॉलिसी काही नको. मेल जुन्याच धाग्यात उत्तर म्हणून गेला पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला खाली कोटेशन लगेच सापडतं. कोड लिहून घेताना हे सांगायला विसरू नका: ‘नवा मेल पाठवू नको, कोटेशनच्या धाग्याला उत्तर दे.’ त्यासाठी कोटेशन पाठवताना विषयात एन्क्वायरी क्रमांक असायलाच हवा. स्क्रिप्ट त्यावरूनच धागा शोधते.

नमुन्यात ‘नमस्कार’पुढे नाव नाही, ते जाणूनबुजून. पोर्टलवरून येणारी नावं कधी सगळी मोठ्या अक्षरांत, कधी नुसतं आडनाव, कधी नावाच्या जागी कंपनीच. ‘नमस्कार एंटरप्रायजेस’ असं गेलं की पुढचं कुणी वाचत नाही. नाव घालायचंच असेल तर शीटमध्ये ‘संबोधन’ असा वेगळा रकाना करा. कोटेशन बनवणारी व्यक्ती तो हाताने भरेल (‘पाटील साहेब’, ‘कुलकर्णी मॅडम’), आणि रिकामा असेल तर नुसतं ‘नमस्कार’ जाईल. क्रियापदांचंही तेच: ‘आपण पाहिलं असेल’ हे सगळ्यांना चालतं, ‘तुम्ही आला होतात’ आणि ‘आला होता’ यांच्या भानगडीत साच्याने पडू नये. परप्रांतातल्या ग्राहकासाठी इंग्रजी आणि हिंदी साचा वेगळा, आणि कुठला वापरायचा तो रकाना शीटमध्ये.

वेळापत्रक

कोटेशननंतर तिसऱ्या दिवशी, मग आठव्या, मग विसाव्या. चौथा मेल नको. त्यानंतर शीटने तुमच्याच यादीत ‘फोन करा’ असं दाखवावं आणि निर्णय तुम्ही घ्यावा.

हे दिवस कामाचे मोजायचे. पुणे-पिंपरी पट्ट्यात कितीतरी छोट्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, मोठ्या कंपन्यांची ऑफिसं शनिवार-रविवार बंद. म्हणून ‘सुट्ट्या’ नावाचं वेगळं पान करा: गणपती, दिवाळीचा आठवडा, 1 मे, 15 ऑगस्ट सगळं तारखेनिशी. ग्राहकाचा सुट्टीचा वार हा शीटमधला एक रकाना. पुढची तारीख सुट्टीवर पडली तर ती पुढे सरकवायची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ‘आमचं कोटेशन पाहिलंत का?’ असा मेल गेला, तर तो माणसाने पाठवलेला नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मेल सकाळी दहा ते साडेअकरात जावेत, सगळे एका झटक्यात नकोत. दोन मेलमध्ये मिनिटभराचं अंतर ठेवावं. पण ॲप्स स्क्रिप्टची एक फेरी 6 मिनिटांच्या आत संपावी लागते. तेव्हा एका फेरीत चार-पाच मेल आणि दर 10 मिनिटांनी एक फेरी, असं बसवा.

थांबायचं कधी

एका कारखान्यात पाहिलेला प्रकार. ग्राहकाने सोमवारी फोनवर ऑर्डर पक्की केली, मंगळवारी पीओची प्रत व्हॉट्सॲपवर टाकली. बुधवारी सकाळी त्याच्या खरेदी प्रमुखाला मेल गेला: ‘आमच्या कोटेशनवर आपला निर्णय झाला का?’ त्याने मालकाला फोन करून विचारलं, ‘अहो, तुमच्याकडे कुणाचं कुणाला कळतं की नाही?’ स्क्रिप्ट तिच्या परीने बरोबरच चालली होती. मेलवर उत्तर नव्हतं, म्हणून तिने आठवण केली. पीओ आल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा प्रत्येक मेल सुटण्याच्या क्षणी, आधी नव्हे, या तपासण्या त्याच क्रमाने व्हायला हव्यात.

1. ‘हाताने थांबवा’ चौकटीत टिक आहे का? असेल तर पुढचं काही न पाहता थांबायचं.
2. स्थिती ‘कोटेशन दिलं’ हीच आहे का? दुसरी कुठलीही असेल तर थांबायचं.
3. धाग्यातला शेवटचा मेल कुणाचा? समोरच्याचा असेल तर स्थिती ‘उत्तर आलं’ करून माणसाला कळवायचं.
4. त्याच कंपनीच्या डोमेनवरून दुसऱ्या कुणाचा मेल कोटेशननंतर आला आहे का? एन्क्वायरी स्टोअरवाला करतो, उत्तर अकाउंट्सचा माणूस देतो, असं सर्रास होतं. ही तपासणी जीमेल, याहू, रेडिफ अशा सार्वजनिक पत्त्यांना मात्र लावायची नाही, नाहीतर एका ग्राहकाच्या उत्तराने पन्नास जणांचे फॉलोअप थांबतील.
5. मेल परत आला आहे का? आला असेल तर स्थिती ‘बंद’ आणि शेऱ्यात ‘पत्ता चुकीचा’.
6. उत्तरात ‘नको’, ‘पाठवू नका’, ‘थांबवा’ किंवा त्यांचे इंग्रजी-हिंदी पर्याय आहेत का? मग तो पत्ता कायमच्या यादीत, पुन्हा कधीच मेल नाही.

तिसऱ्या तपासणीत एक गोम आहे. ‘मी 18 तारखेपर्यंत रजेवर आहे’ असं आपोआप येणारं उत्तरही यंत्राला उत्तरच वाटतं. म्हणून अशा वेळी स्क्रिप्टने स्वतः ठरवू नये. मेल थांबवावा, ओळ पिवळी करावी आणि माणसावर सोडावं. शंका आली की थांबायचं, हा नियम एकदा घातला की बाकीच्या चुका परवडतात. एखादा फॉलोअप राहिला तर फार तर एक ऑर्डर हुकेल. पीओ दिलेल्या ग्राहकाला आठवण गेली तर माणूस दुखावतो.

फोन आणि व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं शीटला आपसूक कळणार नाही. त्यासाठी शिस्तच हवी. रोज संध्याकाळी स्क्रिप्टने ‘उद्या या सात जणांना मेल जाणार आहेत’ अशी यादी मालकाला पाठवावी. ती चहा पिताना नजरेखालून घातली आणि ज्यांच्याशी बोलणं झालंय त्यांच्यासमोर टिक केली, की बुधवारच्या मेलसारखा प्रसंग टळतो. साऱ्या बांधणीत मला ही संध्याकाळची यादी सगळ्यात मोलाची वाटते.

दुबार मेलचा धोकाही असतो. स्क्रिप्टने मेल पाठवला आणि ‘पाठवलं’ लिहिण्याआधी इंटरनेट अडखळलं, तर पुढच्या फेरीत तोच मेल पुन्हा जाईल. म्हणून पाठवण्याआधी ‘पाठवतोय’ असा शिक्का आणि वेळ लिहायची, पाठवल्यावर तो बदलायचा. ‘पाठवतोय’वर अडकलेली ओळ स्क्रिप्टने पुन्हा हाताळायची नाही, माणसाला दाखवायची. दोन फेऱ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून कुलूप लावण्याची सोय ॲप्स स्क्रिप्टमध्ये आहे. ती वापरायला सांगा.

व्हॉट्सॲप, फोन, एसएमएस

व्हॉट्सॲपवर हेच करावं असं सगळ्यांनाच वाटतं. ब्राउझरमध्ये बसवायची, एका क्लिकमध्ये हजारांना संदेश पाठवणारी स्वस्त साधनं मिळतात. ती अधिकृत नाहीत आणि त्यापायी नंबर बंद होऊ शकतो. डिस्पॅच, ट्रान्सपोर्टवाला, ग्राहक सगळे त्याच नंबरवर असतात. तो गेला तर धंदा ठप्प.

अधिकृत मार्ग म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेसचा एपीआय, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमधून संदेश पाठवायची सोय. तिथे ग्राहकाने संदेश पाठवल्यापासून 24 तास मोकळेपणाने बोलता येतं. त्यानंतर स्वतःहून संदेश पाठवायचा तर आधी मंजूर झालेला साचा लागतो आणि ग्राहकाची संमतीही. जुलै 2025 पासून साच्याचे पैसे संदेशागणिक पडतात आणि प्रचाराचा साचा सेवेच्या साच्यापेक्षा महाग. महिन्याला शंभर-दीडशे एन्क्वायरीला हा खटाटोप मला तरी पटत नाही. साध्या बिझनेस ॲपमधली झटपट उत्तरं आणि लेबलं वापरा, आणि संध्याकाळच्या यादीतल्या महत्त्वाच्या दोघा-तिघांना स्वतः संदेश टाका.

एसएमएसच्या वाटेला जाण्याआधी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर कंपनी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि साचा नोंदवावा लागतो. छोट्या युनिटने सोडून द्यावं.

दुसरं साधन कधी घ्यायचं

शीटमध्ये दोन-तीन हजार ओळी झाल्या, तीन-चार माणसं एकाच वेळी काम करू लागली, की झोहोसारखं सीआरएम घ्या. तिथे हेच नियम बटणं दाबून बसवता येतात, आणि शीटवर काढलेल्या काही महिन्यांमुळे काय बसवायचं ते तुम्हाला पक्कं माहीत असतं. झॅपियर आणि मेक या वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडणाऱ्या सेवा सोप्या आहेत, पण पैसे पायऱ्यांच्या हिशेबाने मोजतात. वर सांगितलेल्या सहा तपासण्या दर मेलला लावल्या की बिल फुगतं. तशाच प्रकारचं एन-एट-एन (n8n) स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं, मात्र सर्व्हर सांभाळणारा कुणीतरी लागतो.

एआयचा उपयोग आलेल्या उत्तरांची वर्गवारी करायला छान होतो: भाव मागतोय, ड्रॉइंग पाठवलंय, नकार आहे. उत्तराचा कच्चा मसुदाही करून घ्या, पण तो जीमेलच्या ड्राफ्टमध्ये पडू द्या, थेट जाऊ देऊ नका. भाव आणि डिलिव्हरीची तारीख एआयने आपल्या मनाने लिहिली तरी शब्द तुमचाच गेलेला असतो.

चालू करण्याआधी आणि नंतर

पहिला आठवडा ‘चाचणी’ ठेवा. शीटमधल्या एका चौकटीत ‘चाचणी’ लिहिलं असेल तर प्रत्येक मेल ग्राहकाऐवजी तुमच्याच पत्त्यावर यावा, वर मूळ पत्ता लिहून. त्याच चौकटीत ‘बंद’ लिहिलं की सगळं थांबावं. ही चौकट मोबाइलवरून बदलता येते, आणि गडबड नेमकी तुम्ही बाहेर असताना होते. नंतर पाच खरे ग्राहक, मग सगळे.

मेल किती जणांनी उघडला या आकड्याच्या नादी लागू नका. ॲपलचं मेल ॲप 2021 पासून, वापरणाऱ्याने गोपनीयतेची सोय चालू ठेवली असेल तर, मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मोजायचं ते असं: कितव्या मेलला उत्तर आलं आणि त्यातून पीओ किती निघाले. विसाव्या दिवसाच्या मेलला कधीच उत्तर येत नसेल तर तो काढून टाका.

ग्राहकांची नावं-नंबर ही आता कायद्याचीही बाब आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. निदान एवढं आजच करा: शीटचं शेअरिंग ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं असेल तर बंद करा, आणि इंडियामार्टची की शीटच्या चौकटीत न ठेवता स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीजमध्ये (स्क्रिप्टच्या सेटिंगमधल्या वेगळ्या जागेत) ठेवा.

शेवटी खात्याचं. ॲप्स स्क्रिप्टचा ट्रिगर ज्याने बनवला त्याच्या खात्यावर चालतो. ऑफिसातल्या व्यक्तीने तो आपल्या खात्यातून लावला आणि ती नोकरी सोडून गेली, खातं बंद झालं, की फॉलोअप गुपचूप थांबतात. कुठे लाल दिवा लागत नाही. म्हणून शीट, स्क्रिप्ट आणि ट्रिगर तिन्ही कंपनीच्या एका सामाईक विक्री खात्यातून बनवा. त्याचा पासवर्ड आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा मोबाइल मालकाकडे ठेवा. संध्याकाळची यादी रिकामी असली तरी ‘उद्या कुणालाही मेल नाही’ असा मेल रोज यायला हवा. तो आला नाही, तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावर आधी स्क्रिप्ट पाहायची.